ग्वानाकास्तेच्या अभ्यासाकडे

मध्य अमेरिका म्हटले की बारमाही हिरवे, ओलेचिंब अरण्य डोळ्यांसमोर उभे राहते. कोस्टा रिकाच्या वायव्येचा ग्वानाकास्ते प्रांत तसा नाही. डिसेंबर ते एप्रिल इथे पाऊस जवळजवळ नसतोच. झाडे पाने गाळतात, गवत वाळते. हे पानगळीचे अरण्य मराठी वाचकाला परके वाटायचे कारण नाही. आपल्या देवळापुढचा चाफा, बांधावरचे गिरीपुष्प, मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरचा रेन ट्री ही सारी त्याच मुलखातून आलेली मंडळी.

या प्रांताचा भूगोल आणि इतिहास वेगवेगळ्या पुस्तकांत वाचू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्हींना जोडणारा धागा म्हणजे गुरे. २५ जुलै १८२४ रोजी याच मुलखातल्या निकोयाच्या रहिवाशांनी खुल्या सभेत कोस्टा रिकात सामील व्हायचे ठरवले, पण प्रांताची आजची राजधानी लिबेरिया सुरुवातीला बाहेरच राहिली. तिथल्या गुरांच्या मालकांचे व्यवहार आणि सोयरिकी निकाराग्वातल्या रिव्हासशी होत्या.

सांता रोसाची गोष्ट तर फारच विलक्षण. या गुरांच्या वाडीवर २० मार्च १८५६ रोजी कोस्टा रिकाच्या सैन्याने विल्यम वॉकर या अमेरिकी आक्रमकाच्या भाडोत्री फौजेला पळवून लावले. रणभूमी म्हणून जपलेली ही जमीन १९७१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाली. तोवर जंगलाच्या जागी कुरणे आली होती. चराईसाठी आणलेले आफ्रिकी हारागुआ गवत दर उन्हाळ्यात पेटे आणि कोवळी रोपे जाळून टाकी. १९८०च्या दशकापासून जीवशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झन, विनी हॉलवॉक्स आणि स्थानिक माणसांनी आधी वणवे थांबवले. गवत आटोक्यात ठेवायला काही काळ गुरेच चरायला सोडली. वाऱ्याने आणि प्राण्यांनी आणलेल्या बियांतून रान परतले. १९९९ मध्ये हे संरक्षित क्षेत्र जागतिक वारसा ठरले.

ज्या झाडाचे नाव प्रांताला मिळाले, त्याच्या कानाच्या आकाराच्या शेंगा आज घोडे आणि गुरे खातात, बिया दूरवर टाकतात. जॅन्झन आणि शास्त्रज्ञ पॉल मार्टिन यांनी १९८२ मध्ये मांडले की हे काम पूर्वी हत्तीसारखे, आता नामशेष झालेले महाकाय प्राणी करत असावेत.

प्रवासी बहुधा विमानतळावरून थेट समुद्रकिनाऱ्याकडे वळतात. तुम्ही एकदा मार्चमध्ये आणि एकदा जूनमध्ये जा, रिंकोन दे ला व्हिएहा ज्वालामुखीपासून तेम्पिस्के नदीच्या खोऱ्यापर्यंत जमीन उतरताना पाहा. आणि अभ्यासाची सुरुवात सांता रोसापासून करा.