कोरियाचे राज्य कसे बुडाले
कोरियाचे राज्य जपानने एका घावात घेतले नाही. १८७६ साली आरमाराच्या धाकाने व्यापाराचा तह झाला. नोव्हेंबर १९०५ मध्ये इतो हिरोबुमीने लष्करी पहाऱ्यात दरबाराकडून करार करवून घेतला. आठांपैकी पाच मंत्री वळले; परराष्ट्रकारभार जपानकडे गेला. सम्राट कोजोंग याने मात्र संमती दिली नाही. १९०७ साली त्याने हेगच्या परिषदेकडे गुप्तपणे तीन वकील धाडले. परराष्ट्रव्यवहाराचा अधिकार कोरियाला उरला नाही, म्हणून त्यांना आत घेतले नाही! ज्या कराराविरुद्ध गाऱ्हाणे, तोच दाराशी आडवा आला. या धाडसापायी कोजोंगला सिंहासन सोडावे लागले. पाठोपाठ सैन्य मोडण्यात आले. २२ ऑगस्ट १९१० रोजी विलीनीकरणाच्या तहावर सह्या झाल्या. प्रजेला ते जाहीरपणे सांगितले गेले आठवड्याने, २९ तारखेस.