दुखापत खेळाडूची, खर्च कुणाचा?

मंडळी, आज जरा लांबचा विषय. अमेरिकेतल्या बेसबॉलचा. खेळाचे नियम माहीत नसले तरी चालेल, कारण गोष्ट मैदानावरची नाही, कराराच्या कागदावरची आहे.

बेसबॉलमध्ये बॉल टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगानं वर्षानुवर्षं बॉल फेकला की कोपर किंवा खांदा कधी ना कधी कुरकुरतोच. मग प्रश्न येतो : शरीर मोडलं तर पैसे कुणाचे बुडायचे?

जुन्या काळी याचं उत्तर सरळ होतं. खेळाडूचे. १८७९ पासून क्लबांनी 'रिझर्व्ह'ची अट आणली. आधी मोजक्या खेळाडूंना, पुढं जवळपास सगळ्यांनाच. करार संपला तरी खेळाडू त्याच क्लबला बांधलेला. क्लबला मात्र दहा दिवसांची नोटीस देऊन त्याला घरी पाठवायची मुभा. १९१४ मध्ये हॅल चेसच्या खटल्यात न्यायालयानं या एकतर्फीपणावर बोट ठेवलं, तरी पद्धत काही मोडली नाही.

त्यात काय व्हायचं, ते डिझी डीनच्या बाबतीत दिसतं. सेंट लुईस कार्डिनल्सचा हा पिचर, १९३४ मध्ये एका हंगामात ३० विजय नावावर असलेला. १९३७ च्या ऑल-स्टार सामन्यात बॉल लागून त्याच्या पायाचं बोट मोडलं. ते नीट बरं होण्याआधीच तो मैदानात उतरला, पाय सांभाळायला फेकायची ढब बदलली आणि हात कामातून गेला. पुढच्या वर्षी क्लबनं त्याला शिकागो कब्जला देऊन टाकलं आणि बदल्यात १ लाख ८५ हजार डॉलर व तीन खेळाडू घेतले. क्लबची वसुली झाली, डीनची कारकीर्द उतरणीला लागली.

हे चित्र क्लबांच्या दयेनं बदललं नाही. १९६६ मध्ये पोलाद कामगारांच्या संघटनेतला मार्विन मिलर हा माणूस खेळाडू संघटनेचा प्रमुख झाला. कर्ट फ्लडनं रिझर्व्हविरुद्ध लढा दिला, पण १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो ५-३ नं हरला. शेवटी डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्या बाजूनं निकाल दिला आणि खेळाडू मोकळे झाले. मग क्लबांत चढाओढ लागली. पाच-सात वर्षांचे, हमी असलेले करार आले. हमी म्हणजे, खेळताना जायबंदी झाला तरी पगार चालू. तोटा खेळाडूच्या खिशातून क्लबच्या खिशात गेला.

क्लब गप्प बसणार थोडेच? त्यांनी तीन वाटा काढल्या.

पहिली, मनाई. करारात यादीच असते : स्कीइंग नको, मोटार शर्यत नको, पॅराशूट नको. न्यूयॉर्क यांकीजच्या अ‍ॅरन बूननं ऑक्टोबर २००३ मध्ये एका फटक्यावर संघाला अंतिम मालिकेत नेलं होतं. जानेवारीत तो मित्रांबरोबर बास्केटबॉल खेळायला गेला आणि गुडघा गेला. करारात बास्केटबॉलला मनाई होती. ५७ लाख ५० हजार डॉलरचा करार क्लबनं मोडला, बूनच्या हाती त्यातला थोडासा भागच पडला.

दुसरी, विमा. यातून तर विचित्रच पेच उभा राहिला. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजच्या जेफ बॅगवेलचा २००६ चा पगार होता १ कोटी ७० लाख डॉलर. तो खेळू शकला नाही तर त्यातले १ कोटी ५६ लाख विम्यातून मिळणार होते. खांदा संधिवातानं धरलेला, तरी गडी खेळायचं म्हणत होता. आणि त्याचाच क्लब विमा कंपनीला सांगत होता, की हा आता खेळूच शकत नाही! कंपनीनं दावा नाकारला, वर्षअखेरीला तडजोड झाली. बॅगवेल पुन्हा सामन्यात उतरला नाही.

तिसरी, डॉक्टरी तपासणी आणि तिच्यावर बेतलेली कलमं. जॉन लॅकीनं डिसेंबर २००९ मध्ये बोस्टन रेड सॉक्सशी पाच वर्षांचा ८ कोटी २५ लाख डॉलरचा करार केला. त्याच्या कोपराबद्दल आधीच शंका होती. म्हणून कलम पडलं : त्या कोपरानं दगा दिला तर सहावं वर्ष किमान पगारात. कोपराची शस्त्रक्रिया झालीच, २०१२ चा अख्खा हंगाम गेला. आणि २०१५ मध्ये, तोवर कार्डिनल्सकडे गेलेला लॅकी सुमारे ५ लाख डॉलरच्या मूळ पगारावर खेळला. त्या वर्षी त्यानं १३ सामने जिंकले.

कार्लोस कोरेआचं उदाहरण तर ताजंच. डिसेंबर २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सबरोबर ३५ कोटी डॉलर ठरले. तपासणीत घोट्याच्या जुन्या दुखापतीवर बोट ठेवलं गेलं. ते फिसकटलं, मग न्यूयॉर्क मेट्सबरोबर ३१ कोटी ५० लाखांचं ठरलेलंही फिसकटलं. शेवटी मिनेसोटा ट्विन्सनं २० कोटींची हमी दिली.

कोट्यधीशांचं दुःख आपण कशाला करायचं, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण सव्वाशे-दीडशे वर्षांत कुठल्याही कलमानं एकही दुखापत टळलेली नाही. फक्त तिचं बिल या खिशातून त्या खिशात फिरलं, आणि ज्याच्यामागं संघटना नव्हती त्याच्याच खिशात ते थांबलं. आपल्यात अंगमेहनतीवर कमावणारे कितीतरी आहेत. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी एक ओळ शोधा : उद्या मी पडलो, तर पैसे कुणी द्यायचे? ती ओळ सापडली नाही, तर उत्तर १९३७ चंच आहे असं समजा.