डेटा पुनर्प्राप्ती (बिघडलेल्या डिस्कवरून)

बिघडलेल्या, पुसल्या गेलेल्या किंवा आगी-पुरात सापडलेल्या डिस्कवरील फायली पुन्हा वाचता येतील अशा रूपात मिळवण्याची क्रिया. बाजारात ‘डेटा रिकव्हरी’ हाच शब्द रूढ आहे. या नोंदीत मुख्यतः फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कचा विचार केला आहे. मराठी मजकुराच्या प्रश्नाला मुद्दाम अधिक जागा दिली आहे, कारण या विषयावरच्या इंग्रजी हस्तपुस्तिकांत तो क्वचितच येतो.

रचना व बिघाड : आयबीएमने १९५६ मध्ये रॅमॅक यंत्रणेबरोबर पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि क्षमता ५० लाख अक्षरांची होती. आजच्या डिस्कमधील तबकडी मिनिटाला साधारणतः ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि वाचन-लेखन करणारे हेड तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगते. हवेतला धुळीचा कण या फटीपेक्षा कितीतरी मोठा असतो. म्हणून डिस्कचे झाकण घरी किंवा दुकानाच्या टेबलावर उघडणे घातक ठरते. हेड तबकडीला घासले की चुंबकीय थर खरवडला जातो, आणि खरवडलेला भाग कोणतीही प्रयोगशाळा परत देऊ शकत नाही.

फाइल डिलीट झाली, पार्टिशन उडाले किंवा घाईत क्विक फॉरमॅट झाला, तर बहुधा फाइलची नोंद जाते, मजकूर जागेवरच राहतो. त्यावर नवे काही लिहिले जाईपर्यंत तो मिळण्याची आशा असते. एकदाच वरून लिहिलेला मजकूर आधुनिक डिस्कवरून परत मिळतो का, याविषयी पूर्वी मतभेद होते. आज बहुतेक तज्ज्ञ तो मिळत नाही असेच मानतात. ‘टक टक’ असा आवाज येऊ लागला तर हेड गेले असण्याचा संभव असतो. अशा वेळी वीज तत्काळ बंद करावी. पुन्हा पुन्हा चालू करून पाहण्याने जितके नुकसान होते, तितके मूळ बिघाडानेही अनेकदा झालेले नसते. डिस्क फ्रिजमध्ये ठेवण्याचा उपाय अजून सांगितला जातो, पण आतल्या दमट हवेतले बाष्प थंड होऊन तबकडीवर पाणी धरते. तो टाळावा.

सर्किट बोर्ड जळाला तर जुन्या डिस्कवर त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड बसवून काम भागत असे. आता प्रत्येक डिस्कची जुळणीची माहिती तिच्याच बोर्डावरील रॉम चिपमध्ये असते. त्यामुळे चिप काढून नव्या बोर्डावर लावावी लागते. हेड बदलायचे तर त्याच मॉडेलची, शक्य तर त्याच काळात बनलेली ‘डोनर’ डिस्क मिळवून स्वच्छ हवेच्या कक्षात बदल करतात. एस लॅब या मूळच्या रशियन कंपनीचे पीसी-३००० हे उपकरण या कामासाठी जगभर वापरतात.

पद्धत : पहिला नियम, मूळ डिस्कवर काम करायचे नाही. आधी तिची सेक्टरनिहाय प्रत काढायची आणि पुढचे सारे प्रयोग प्रतीवर करायचे. जीएनयू डीडीरेस्क्यू हा मुक्त प्रोग्राम आधी सहज वाचता येणारे भाग उचलतो आणि बॅड सेक्टरांकडे नंतर वळतो. कुठवर वाचले याची नोंद तो वेगळ्या फाइलमध्ये ठेवत असल्याने काम मध्येच थांबले तरी पुढे चालू करता येते. मरणोन्मुख डिस्कच्या बाबतीत हा क्रमच निर्णायक ठरतो. फाइल-यंत्रणाच नष्ट झाली असेल तर फोटोरेकसारखे प्रोग्राम फायलींच्या सुरुवातीच्या ठरावीक खुणा शोधून त्या वेगळ्या काढतात. त्यात फाइलचे नाव, फोल्डर आणि बहुधा तारीखही हरवते.

एसएसडी : तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या या डिस्कमध्ये ट्रिम आज्ञा (पुसलेली जागा रिकामी करण्याची सूचना) चालू असल्यास पुसलेली फाइल बहुधा कायमची जाते.

आग व पाणी : २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला. तळमजल्यावरची दुकाने आणि कार्यालये पाण्यात गेली की टेबलाखाली ठेवलेला संगणक आधी बुडतो. भिजलेली डिस्क उन्हात वाळवू नये आणि जोडूनही पाहू नये. गाळ तबकडीवर वाळून घट्ट बसतो, म्हणून ती ओलीच, हवाबंद पिशवीत तज्ज्ञाकडे पोचवावी. २१ जून २०१२ च्या मंत्रालयाच्या आगीत पाच जण मृत्युमुखी पडले आणि वरच्या मजल्यांवरील कागदी फायलींबरोबर संगणकही जळाले.

या प्रकारातील उत्तम नोंदलेले उदाहरण कोलंबिया अंतराळयानाचे आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी यान कोसळून कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. यानात झेनॉन वायूच्या श्यानतेचा एक प्रयोग होता. त्याच्या काही नोंदी उड्डाणादरम्यान पृथ्वीवर आल्या होत्या, उरलेल्या एका सीगेट डिस्कवर होत्या. ही डिस्क टेक्सासमधील एका आटलेल्या तलावाच्या तळाशी मिळाली. बोर्ड जळाला होता, सील वितळून आत माती गेली होती. क्रोल ऑनट्रॅकच्या तंत्रज्ञांनी तबकड्या रसायनाने धुऊन दुसऱ्या सांगाड्यात बसवल्या. तबकड्यांवर ओरखडे होते, पण ते जिथे काही लिहिलेच नव्हते अशा भागात. डिस्क जेमतेम अर्धी भरलेली होती आणि डॉस यंत्रणेने फायली विखरून न ठेवता सलग ठेवल्या होत्या. सुमारे ९९ टक्के मजकूर परत मिळाला आणि प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

मराठी मजकूर : फाइल मिळाली म्हणजे मजकूर मिळाला, असे मराठीत होत नाही. युनिकोडमधील देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेते आणि त्यांतले पहिले दोन हेक्स मोजणीत ‘ई० ए४’ किंवा ‘ई० ए५’ असेच असतात. त्यामुळे तुकड्या-तुकड्यांच्या ढिगातूनही मराठी परिच्छेद ओळखता येतो. पण १९९० च्या दशकातील आणि त्यानंतरच्याही काही वर्षांतील डीटीपीचे काम श्रीलिपी, आकृती, सी-डॅकच्या आयएसएमसारख्या पॅकेजांत झाले आहे. तिथे बाइट अक्षराचा नसून फॉन्टमधील आकाराचा असतो. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, अर्धी अक्षरे वेगळी असतात, आणि एका फॉन्टमधला ‘क’ दुसऱ्यात भलताच आकार होतो. अशा डिस्कवर एखादे नाव शोधायचे तर त्या फॉन्टचा नकाशा हाताशी लागतो. दिवाळी अंक, गावोगावची साप्ताहिके, संस्थांची इतिवृत्ते यांचा फार मोठा साठा या रूपात आहे. तो वाचवणे हे छापील अंक जपण्याइतकेच महत्त्वाचे काम मानले पाहिजे. म्हणून जुन्या डीटीपी डिस्कवरून पेजमेकरच्या फायलींबरोबर फॉन्ट-फोल्डरही काढून ठेवावे. काही पॅकेजे डाँगलशिवाय (संगणकाला जोडायच्या परवाना-किल्लीशिवाय) उघडत नसत, तोही फेकू नये.

पुरावा म्हणून : डिस्कवरून काढलेली फाइल ही स्वभावतः प्रत असते, त्यामुळे न्यायालयात तिच्याबरोबर प्रमाणपत्र लागते. हा प्रश्न जालन्याच्या निवडणूक खटल्याने निकाली काढला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. त्यांचे उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारले गेले असा आक्षेप होता आणि निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणाच्या सीडी पुराव्यात होत्या. वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नव्हते. १४ जुलै २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब (४) चे प्रमाणपत्र प्रतीसाठी अनिवार्य ठरवले. मूळ यंत्रच न्यायालयात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर ते लागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्रात हॅश मूल्यही (फाइलच्या मजकुरावरून काढलेली अंकीय ओळखखूण) लिहावे लागते. अशा पुराव्याच्या खरेपणावरही वाद होतात : भीमा कोरेगाव प्रकरणात एका आरोपीच्या डिस्कमध्ये बाहेरून फायली घातल्याचा अहवाल अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंगने २०२१ मध्ये दिला, तपासयंत्रणेला तो मान्य नाही.

कारखान्यांत : औद्योगिक क्षेत्रांत पुनर्प्राप्तीची गरज कार्यालयांपेक्षा वेगळी असते : सीएनसी यंत्र वीस-वीस वर्षे चालते, त्याच्या नियंत्रकातली जुनी आयडीई डिस्क मात्र आधी मरते, आणि यंत्राची पॅरामीटर्स तिच्यावर असतात. तिची प्रत डिस्क धड असतानाच काढून कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डावर ठेवतात.