पुराचा अंदाज : नदीची पातळी आणि आपले शेत

नदीकाठच्या शेतकऱ्याला पुराचा अंदाज वेळेवर कळला, तर विद्युत मोटार, जनावरे आणि वैरण वाचवता येते. मात्र तो अंदाज आपल्या शेताच्या भाषेत वाचता आला पाहिजे.

अंदाज कोण देते?
केंद्रीय जल आयोगाने 1958 मध्ये दिल्लीत यमुना नदीवर पुराचा अंदाज देण्यास सुरुवात केली. आज देशातील प्रमुख नद्यांसाठी अंदाज दिला जातो. वरच्या भागातील पाऊस, धरणातील विसर्ग आणि वरच्या केंद्रांवरील पाणीपातळी यांवरून खाली पाणी कधी व किती चढेल, हे काढले जाते. साधारण 24 तासांपर्यंतचा अंदाज अधिक भरवशाचा असतो. 7 दिवसांपर्यंतचा अंदाज पावसाच्या अंदाजावर अवलंबून असल्याने तो बदलू शकतो. 2023 पासून ही माहिती 'फ्लडवॉच इंडिया' या मोबाइल अ‍ॅपवरही मिळते.

पातळी कशी वाचावी?
- सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, तर धोका पातळी 45 फूट आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेसाठी त्या अनुक्रमे 39 व 43 फूट आहेत.
- आयोगाचे आकडे समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये असतात. स्थानिक फुटांशी त्यांची थेट तुलना करू नये.
- क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. तो विसर्ग आहे, पातळी नव्हे.

आपल्या शेताची खूण ठरवा
धोका पातळी शहरातील केंद्रासाठी ठरवलेली असते. आपले शेत त्याआधीच पाण्याखाली जाऊ शकते. नदी फुगली की ओढ्यात पाणी उलटे चढते. त्यामुळे गावात पाऊस नसतानाही ओढ्याकाठची पिके बुडतात. म्हणून मागील पुरात, उदा. 2019 किंवा 2021 मध्ये, केंद्रावर किती फूट पाणी असताना आपल्या बांधाला, मोटारीला व गोठ्याला पाणी लागले, ते वहीत नोंदवा.

अंदाज आल्यावर
- शेताच्या खुणेच्या दोन-तीन फूट आधीच वीजपुरवठा बंद करून मोटार व स्टार्टर वर काढा.
- जनावरे, वैरण, बियाणे व खते दिवसाउजेडी उंचावर हलवा.
- काढणीस आलेला भाजीपाला तोडून घ्या. खत व फवारणी थांबवा.

कृषी सहायकांनी अशा नोंदी एकत्र करून गावाचा तक्ता ग्रामपंचायतीत लावावा.