मेराटा मिटा: आईचा ठेवा, समाजाचा ठेवा

न्यूझीलंडचे मूळ रहिवासी असलेले माओरी लोक पडद्यावर फार पूर्वीपासून दिसत आले असले, तरी त्यांनी कसे दिसावे हे दीर्घकाळ इतरांनीच ठरवले. तो अधिकार समाजाकडे परत आणणाऱ्यांत मेराटा मिटा (१९४२–२०१०) अग्रभागी होत्या. माकेतु या किनाऱ्यावरील गावी जन्मलेल्या मिटा आधी शिक्षिका होत्या आणि ज्यांना शिकवणे अशक्य मानले जाई, अशा विद्यार्थ्यांच्या हाती कॅमेरा देताना त्यांना या माध्यमाचे बळ उमगले.

ऑकलंडमधील बॅस्टियन पॉइंट या वडिलोपार्जित जमिनीवर सरकारने निवासी वसाहत उभारण्याचे ठरवले, तेव्हा माओरींनी तेथे ठिय्या दिला. ५०७व्या दिवशी, २५ मे १९७८ रोजी, पोलीस आणि लष्कराने तो मोडून काढला, २२२ जणांना अटक झाली आणि राहती बांधकामे जमीनदोस्त करण्यात आली. त्या दिवसाचा माहितीपट मिटा यांनी दोन सहकाऱ्यांसह १९८० मध्ये पूर्ण केला. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाच्या १९८१ च्या दौऱ्याविरुद्ध देशभर उसळलेल्या आंदोलनावर त्यांनी ‘पातु!’ (१९८३) केला. ‘पातु’ म्हणजे प्रहार करणे, तसेच एका हाताने चालवायचे आखूड शस्त्र. चित्रित केलेली रिळे पोलिसांच्या हाती पडू नयेत म्हणून ती लपवून ठेवावी लागली. पुढे ‘मौरी’ (१९८८), म्हणजे ‘जीवनशक्ती’, हा माओरी स्त्रीने एकटीने लिहून दिग्दर्शित केलेला पहिला पूर्ण लांबीचा कथापट ठरला.

मिटा यांच्या निधनानंतर त्यांचे धाकटे पुत्र हेपेरी मिटा यांनी राष्ट्रीय दृक्‌श्राव्य अभिलेखागारात काम करताना आईची जुनी चित्रणे धुंडाळली आणि २०१८ मध्ये तिच्यावर माहितीपट केला. त्यात थोरल्या भावंडांच्या आठवणी आहेत, कारण आंदोलनांच्या काळातील आई हेपेरी यांनी पाहिलीच नव्हती. घरावर येणाऱ्या पोलिसी दडपणाची आणि ओढगस्तीची झळ त्या मुलांनीच सोसली होती, आणि चित्रपटाने ती झाकलेली नाही. त्यामुळे एका पायंडा पाडणाऱ्या स्त्रीच्या कर्तृत्वाची खरी किंमत इतिहासात नोंदली गेली.

पिढ्यानपिढ्या जपायच्या मोलाच्या वस्तूला माओरी भाषेत ‘ताओंगा’ म्हणतात. मराठीत त्याला ‘ठेवा’ म्हणता येईल. पूर्वजांची छायाचित्रे सभागृहाच्या भिंतीवर लावून त्यांना हयात व्यक्तीइतकाच मान देणाऱ्या समाजात चित्रफितीकडेही याच नात्याने पाहिले जाते. म्हणूनच अभिलेखागारातील ज्या रिळांत देशाला आपला संघर्ष सापडतो, त्याच रिळांत लेकाला आईचा आवाज ऐकू येतो, आणि त्या दोहोंचे जतन हे एकच कर्तव्य ठरते.