इंदिरादेवी, कूचबिहारच्या महाराणी (इंदिराराजे गायकवाड)

(१९ फेब्रुवारी १८९२ – ६ सप्टेंबर १९६८). बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) व महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) यांची एकुलती एक कन्या. विवाहानंतर उत्तर बंगालमधील कूचबिहार संस्थानच्या महाराणी व पुढे अज्ञान पुत्राच्या वतीने त्या संस्थानच्या कारभारी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडन-पॅरिसच्या उच्चभ्रू वर्तुळात जी मोजकी भारतीय नावे गाजली त्यांत त्यांचे नाव अग्रभागी होते. परंतु मराठी समाजाच्या इतिहासात त्यांना स्थान द्यावयाचे ते वयाच्या १९ व्या वर्षी त्यांनी स्वतःच्या हाताने मोडलेल्या एका सोयरिकीमुळे.

इंदिराराजे चार भावांच्या पाठीराखणीत वाढल्या आणि बडोद्यात व इंग्लंडमध्ये शिकल्या. ज्या संस्थानात १९०४ साली बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा झाला आणि १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले, त्याच संस्थानच्या अधिपतीच्या घरी हे शिक्षण झाले, ही गोष्ट पुढील हकिकत वाचताना ध्यानात ठेवली पाहिजे. मातोश्री चिमणाबाईंनीही भारतीय स्त्रीच्या स्थितीवर १९११ साली इंग्रजीत सहलेखकासह ग्रंथ प्रसिद्ध केला व १९२७ मध्ये पुण्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपद भूषविले.

असे असूनही कन्येचा विवाह ठरला तो जुन्याच रिवाजाने. मराठा राजघराण्यांत सोयरीक ही राज्यव्यवहाराची बाब मानली जाई. बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांच्या कन्या जिजाबाई भोसल्यांच्या घरी गेल्या, त्या काळापासून हाच दस्तूर चालत आला होता. नियोजित वर, ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे, हे कर्तबगार संस्थानिक होते आणि बडोद्याप्रमाणेच ग्वाल्हेरलाही २१ तोफांच्या सलामीचा मान होता, त्यामुळे दोन्ही दरबारांना हा संबंध सर्वथा योग्य वाटला. मात्र माधवराव वधूहून सुमारे १५ वर्षांनी वडील होते, त्यांच्या पहिल्या राणीसाहेब हयात होत्या, त्यांना अपत्य नव्हते, आणि ग्वाल्हेरच्या जनानखान्यात पडद्याची चाल कडक होती. युरोपात मोकळेपणाने वावरलेल्या, घोडदौडीची आवड असलेल्या मुलीला हे जिणे कितपत मानवले असते, याचा विचार दोन्हीकडच्या मुत्सद्द्यांनी केलेला दिसत नाही.

डिसेंबर १९११ मध्ये दिल्लीस पंचम जॉर्ज बादशहांचा दरबार भरला. सयाजीरावांनी बादशहांपुढे रीतसर लवून मुजरा न करता पाठ फिरविली, असा गवगवा होऊन इंग्रजी वृत्तपत्रांनी त्यांच्यावर राजद्रोहापर्यंतचे आरोप केले, तो हाच दरबार. बडोद्याच्या घराण्यावर हे संकट कोसळले असतानाच दुसरे त्याच्या अंतर्भागातून उद्भवले. कूचबिहारचे धाकटे राजपुत्र जितेंद्रनारायण यांच्याशी दिल्लीच्या मेळाव्यांत इंदिराराजेंचा सहवास वाढला आणि आईवडिलांना काहीही न सांगता त्यांनी थेट माधवरावांना पत्र लिहून हा विवाह होणे नाही असे कळविले. राजकन्येच्या पत्राचा अर्थ काय, अशी विचारणा करणारी ग्वाल्हेरची तार सयाजीरावांच्या हाती पडली, तेव्हा कुठे मातापित्यांना या प्रकाराचा पत्ता लागला. मुहूर्त ठरलेला, लग्नाची तयारी चालू, आणि नियोजित वधूने मध्यस्थ, वकील, वडीलधारे अशा कोणाचेही साहाय्य न घेता, खुद्द वरालाच लेखी नकार दिलेला! सयाजीरावांनी आपल्या प्रजेतील मुलींच्या हाती लेखणी दिली, आणि त्या लेखणीचा सर्वांत निर्भय उपयोग त्यांच्याच घरात झाला, असे म्हणणे मुळीच अतिशयोक्त होणार नाही. पुढे माधवरावांनी गोव्यातील राणे घराण्यातील गजराराजे यांच्याशी विवाह केला.

जितेंद्रनारायणांशी विवाहास बडोद्याचा विरोध तीव्र होता. कूचबिहार हे १३ तोफांचे संस्थान, जितेंद्र हे गादीचे वारस नसलेले धाकटे पुत्र, आणि घराणे ब्राह्मो. वराच्या मातोश्री सुनीतिदेवी या केशवचंद्र सेन यांच्या कन्या, ज्यांच्या अल्पवयातील विवाहावरून १८७८ साली ब्राह्मो समाजात फूट पडली होती. इंदिराराजेंवर सक्त नजर ठेवण्यात आली, तरी गुप्त पत्रव्यवहार चालूच राहिला. अखेर मातापित्यांनी हार मानली आणि १९१३ साली लंडनमध्ये ब्राह्मो विधीने हा विवाह झाला. माहेरचे कोणीही त्या समारंभास हजर नव्हते. थोड्याच दिवसांत, १ सप्टेंबर १९१३ रोजी, थोरले बंधू महाराज राजेंद्रनारायण निवर्तले व गादी जितेंद्रनारायणांकडे आली.

हे सौख्य नऊ वर्षे टिकले. २० डिसेंबर १९२२ रोजी, आपल्या ३६ व्या वाढदिवशी, जितेंद्रनारायणांचा लंडनमध्ये अंत झाला. त्या वेळी इंदिरादेवींचे वय अवघे ३० होते, दोन पुत्र व तीन कन्या लहान होत्या आणि गादीचा वारस जगद्दीपेंद्रनारायण सात वर्षांचा होता. पुत्र सज्ञान होऊन मुखत्यार होईपर्यंत, म्हणजे १९३६ पर्यंत, संस्थानचा कारभार त्यांच्या नावे चालला. युरोपातील त्यांच्या दीर्घ वास्तव्यावर टीका झाली, आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. परंतु वैधव्य आले म्हणून कोपऱ्यात बसण्याचे त्यांनी नाकारले, हेही त्या टीकेइतकेच खरे आहे. पांढऱ्या वस्त्राचे बंधन त्यांनी फ्रान्समध्ये विणवून घेतलेल्या तलम शिफॉनच्या साड्यांनी पाळले, आणि भारतीय उच्चवर्गात शिफॉनची साडी रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः त्यांनाच दिले जाते. फ्लॉरेन्सचे विख्यात पादत्राणकार साल्वातोरे फेरागामो यांच्याकडे त्यांनी एका वेळी १०० जोड मागविले. त्यांतील हिरव्या मखमलीच्या जोडावर मोती जडवायचे होते व ते मोती महाराणींनी स्वतःच्या संग्रहातून पुरविले होते.

कन्यांच्या विवाहांतही मातेचा वारसा दिसतो. मधली कन्या गायत्रीदेवी यांनी १९४० साली जयपूरचे महाराज सवाई मानसिंह यांच्याशी, त्यांच्या दोन राण्या विद्यमान असताना, विवाह केला, तेव्हा या संबंधास नाखूष असलेल्या इंदिरादेवींना वडिलांच्या भूमिकेत स्वतःलाच उभे राहावे लागले. धाकट्या मेनकादेवी देवासच्या मराठा घराण्यात पडल्या.

कूचबिहार संस्थान १९४९ मध्ये भारतात विलीन झाले व १ जानेवारी १९५० रोजी पश्चिम बंगालचा जिल्हा बनले. इंदिरादेवींचे निधन मुंबईत झाले. दिल्ली दरबारातील पत्राची हकिकत गायत्रीदेवींनी १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी आत्मचरित्रात विस्ताराने सांगितली आहे. त्यातील मातोश्रींविषयीचा भाग मराठी वाचकाने मुळातून वाचावा.