नेती, धौती आणि दमा : एका उपचाराचा ग्रंथेतिहास

पळसदरीला लोहमार्ग दुभंगतो. एक फाटा खोपोलीला जातो, दुसरा बोरघाट चढून लोणावळ्याला. हा घाट रेल्वेने १८६३ साली खुला झाला. पुढे साठेक वर्षांनी, १९२४ मध्ये, घाटमाथ्यावर स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि योगक्रियांची शास्त्रीय तपासणी हे तिचे ब्रीद ठरवले. आज घाटाखाली काय किंवा घाटावर काय, दमेकऱ्याला एक सल्ला हमखास ऐकू येतो: मिठाच्या पाण्याने नेती करा, हजारो वर्षांचा उपाय आहे. सल्ल्याच्या या उत्तरार्धाला ग्रंथांचा आधार कितपत आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू.

पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामाने रचलेल्या ‘हठप्रदीपिके’त धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती ही षट्कर्मे येतात. मात्र तेथील नेती पाण्याची नाही, सुताची आहे: वीतभर लांबीचा मऊ दोरा नाकातून घालून तोंडावाटे काढायचा. तिचे फळ सांगितले आहे ते कपालशुद्धी, दृष्टीची तीक्ष्णता आणि खांद्यांच्या वरच्या भागातील रोगांचा नाश. खोकला आणि श्वास, म्हणजेच दमा, यांचा उल्लेख येतो तो धौतीच्या फलश्रुतीत. त्यानंतरच्या ‘घेरण्डसंहिते’त नाकाने पाणी ओढून तोंडाने टाकण्याची क्रिया आहे, पण तिला नेती म्हटलेले नाही. ती कपालभातीचा ‘व्युत्क्रम’ हा प्रकार आहे आणि तिचे फळ कफदोषाचे निवारण. तात्पर्य, ज्या ग्रंथांचा दाखला दिला जातो त्यांत ‘नेती’, ‘पाणी’ आणि ‘दमा’ हे तीन शब्द एका ठिकाणी येत नाहीत.

दम्याचा संबंध धौतीशी का जोडला गेला असावा? चरकसंहितेत हिक्का आणि श्वास या व्याधींचे उगमस्थान पित्तस्थान, म्हणजे पोटाचा प्रदेश, मानले आहे. रोगाचे मूळ पोटात असेल तर पोट धुणारी धौती हाच उपाय ठरतो, आणि नाक साफ करणारी नेती मस्तकापुरती राहते. फलश्रुती म्हणजे निव्वळ स्तुती समजून आपण ती ओलांडतो. येथे मात्र तिच्या मागे शरीराविषयीची एक सुसंगत कल्पना उभी असावी, असे आम्हांस वाटते.

कुवलयानंदांचे (जगन्नाथ गणेश गुणे, १८८३-१९६६) महत्त्व या संदर्भात ध्यानी येते. शालान्त परीक्षेत संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवणारा हा विद्यार्थी पुढे नौली करताना पोटातील दाब किती घटतो हे यंत्राने मोजू लागला. ‘योगमीमांसा’ नियतकालिकात, १९२४ पासून, असे प्रयोग प्रसिद्ध होऊ लागले. याच संस्थेने १९७० मध्ये स्वामी दिगंबरजी आणि रघुनाथशास्त्री कोकजे यांनी संपादिलेली ‘हठप्रदीपिका’ही प्रकाशित केली. एका हातात पाठचिकित्सा, दुसऱ्या हातात दाबमापक, अशी ही परंपरा होती. ‘योगमीमांसे’तच १९६७ मध्ये डॉ. भोळे यांचा दम्यावरील यौगिक उपचारांचा अहवाल आला. परंतु यौगिक उपचार म्हणजे आसने, प्राणायाम, शुद्धिक्रिया आणि आहार यांचा समुच्चय. त्यातून एकट्या नेतीचे श्रेय वेगळे काढणे अवघडच.

नाक आणि फुप्फुस यांना जोडणारा विचार आधुनिक वैद्यकात अलीकडे दृढ झाला. ॲलर्जीची सर्दी आणि दमा ही एकाच श्वासमार्गाची दुखणी म्हणून पाहावीत, ही भूमिका २००१ च्या ‘एरिया’ अहवालाने ठळकपणे मांडली. क्षारयुक्त पाण्याने नाक धुतल्यास ॲलर्जीच्या सर्दीचा त्रास कमी होऊ शकतो, असे २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसते. पण पुराव्याची प्रत उच्च नाही, हेही तेथेच नमूद आहे. सर्दीने दमा बळावणाऱ्या रुग्णाला नाक मोकळे झाल्याने अप्रत्यक्ष आराम पडू शकेल. हा पूरक उपाय झाला. आकुंचलेल्या श्वासनलिका नेतीने उघडत नाहीत. ते काम औषधाचे, पंपाचे.

पाण्याविषयीही प्राचीनतेची ग्वाही पुरत नाही. लिटरमागे सुमारे ९ ग्रॅम मीठ घातले की पाणी शरीरातील द्रवांशी जुळते आणि नाकाला झोंबत नाही. ते पाणी उकळून कोमट केलेलेच हवे. २०११ साली अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुतल्यामुळे अमीबाचा संसर्ग मेंदूत पोहोचून दोघे दगावले.

भाषा-साहित्याच्या अध्यापकांनी या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. ‘ग्रंथात सांगितले आहे’ हे विधान तपासणे आमचेच काम आहे, एवढे उत्तर पुरेसे व्हावे. धौतीची फलश्रुती नेतीला चिकटवणे ही वर्गात पाठदोषाची बाब ठरते. त्या भरवशावर एखाद्या दमेकऱ्याने पंप बाजूला ठेवला, तर तीच जिवावर बेतते. नेतीचा उपयोग आहे, तो मर्यादित आहे, आणि तो प्राचीन ग्रंथाच्या नव्हे तर आजच्या तपासणीच्या आधारे सांगावयास हवा. घाटमाथ्यावरच्या त्या संस्कृतज्ञाने तरी दुसरे काय सांगितले होते?